वायरीवरचं पीठ

कलीमनं ब्लेड घेतलं आणि काळी वायर काकडीसारखी उभी चिरली. वरचं रबर शाबूत होतं. कुठं भेग नाही, जळल्याचा डाग नाही. आतली करंट नेणारी बारीक दोरी मात्र टोपीपाशी तुटलेली, दोन्ही टोकं एकमेकांपासून फाकलेली. त्यानं वायर पत्र्याच्या टेबलावर आपटली आणि एक सणसणीत शिवी हासडली. ऐकायला गॅरेजमध्ये कुणी नव्हतं. गेल्या दोन आठवड्यांत इकडं कुणी फिरकलंच नव्हतं, आणि त्याच्या रागाचं मूळही तेच होतं.

मंठ्यात जालना रोडवर कलीम वीस वर्षं गाड्या दुरुस्त करत होता. एवढ्या वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेली गाडी वाटेत बंद पडली, असं कुणी म्हणालं नव्हतं. आणि आता काकासाहेबांच्या एका पांढऱ्या मारुतीनं त्याच्या नावाची माती केली होती. काकासाहेब तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी ओलांडलेली, गाडी अठ्ठ्याण्णव सालची. गावात त्यांच्या शब्दाला अजून वजन होतं. या माणसानं देवानंदच्या हॉटेलात, ऐन बाजाराच्या दिवशी, मेलेली वायर टेबलावर टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

"बघा. हे कलीम मिस्तरीचं ओरिजनल."

लोक हसले. हसणारच, फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? कारभारी ओमनीत जालन्याच्या सवाऱ्या भरायचा. त्याची ओमनी कलीमनं चार वेळा भर उन्हात रस्त्यावर झोपून चालू करून दिली होती. तोसुद्धा हसला, आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दुसऱ्या गॅरेजात गेला. कलीमच्या ते फार जिव्हारी लागलं. घरी त्याची बायको, गजाला, म्हणाली, म्हाताऱ्याला एक नवा सेट फुकट बसवून द्या आणि विषय मिटवा. कलीमनं समोरचं ताट बाजूला सारलं. फुकट द्यायचं म्हणजे चोरी कबूल करायची, आणि चोरी त्यानं केली नव्हती.

प्लगच्या वायरींचा सेट नीट वापरला तर वर्षानुवर्षं जातो. या गाडीत सहा महिन्यांत तीन सेट गेले होते; तिसऱ्यातली, हॉटेलातून परत आलेली वायर आता चिरून पुढ्यात पडली होती, आणि गाडीत त्यानं चौथा सेट बसवला होता. जुन्या गाडीत नवी वायर लवकर मरते त्याची कारणं कलीमला पाठ होती. इंजिनच्या झाकणातून तेल झिरपतं आणि रबर फुगतं. त्यानं झाकणाचं पॅकिंग बदललं. वायर तापलेल्या लोखंडाला टेकते आणि भाजते. त्यानं क्लिपा लावून सगळ्या वायरी वर उचलून बांधल्या. प्लग झिजले की करंट जोर लावतो आणि त्याचा मार वायर खाते. त्यानं प्लगही नवे टाकले. तिसरा सेट तर त्यानं स्वतः जालन्याच्या दुकानातून आणला होता आणि पाकीट काकासाहेबांच्या हातात देऊन त्यांनाच फोडायला लावलं होतं. तरी माल डुप्लिकेटच! माणसानं आणखी काय करावं?

एक कारण उरत होतं. वायर काढायची तर टोकाची रबरी टोपी धरून काढायची. वायरीलाच धरून हिसका दिला की वरून काही दिसत नाही, आतली दोरी तुटते. शिकत असताना कलीमनं एकदा तसा हिसका दिला होता तेव्हा उस्तादनं त्याच्या बोटांवर पाना मारला होता. त्यानंतर ती चूक त्याच्या हातून झाली नव्हती.

मग हिसका देतं कोण?

त्यानं आधीच्या दोन सेटच्या वायरी खोक्यातून काढल्या आणि ओळीनं मांडल्या. प्लगवर जाणाऱ्या तिन्ही वायरी धडधाकट होत्या. दर वेळी मेली होती ती एकच, कॉइलमधून निघणारी मधली. ती नसली तर सेल्फ नुसता गुरगुरतो, गाडी चालू होत नाही. त्यानं तिची टोपी उजेडात धरली. रबराच्या खाचेत पांढरं काहीतरी वाळून बसलं होतं. नखानं खरवडलं, बोटांत चोळलं, वास घेतला. ज्वारीचं पीठ होतं.

तेव्हा कलीमचं डोकं खरं फिरलं. म्हणजे घरातलंच कुणीतरी! घरात बसून वायर तोडायची आणि बाजारात शोभा मिस्तरीची करायची. त्यानं शटर ओढलं, चिरलेली वायर खिशात कोंबली आणि भाकरीच्या वेळेला काकासाहेबांच्या गल्लीत जाऊन उभा राहिला. काकासाहेब या वेळी देवळाकडं गेलेले असतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

त्याला फार थांबावं लागलं नाही. काकासाहेबांच्या घरातून त्यांच्या पत्नी झुंबरबाई बाहेर आल्या. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. त्यांनी रस्त्याकडं पाहिलं, बॉनेट उचललं, आणि दाव्याला द्यावा तसा मधल्या वायरीला हिसका दिला. वायर हातात आल्यावर ती पदराखाली धरली आणि वळल्या, तर फाटकात कलीम उभा.

"काकू," कलीम म्हणाला, "काय वाईट केलं हो मी तुमचं?"

झुंबरबाई दचकल्या नाहीत. कधीतरी हे होणार हे त्यांनी धरलेलंच असावं. त्या ओट्यावर बसल्या आणि वायर मांडीवर ठेवून सांगू लागल्या. काकासाहेबांचा डावा डोळा काचबिंदूनं गेला होता. जालन्याच्या डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वीच गाडी चालवू नका म्हणून लिहून दिलं होतं, तो कागद काकासाहेबांनी पेटीच्या तळाशी घातला. वाटूरजवळ त्यांनी एक शेळी चिरडली, तर म्हणाले, शेळीच मधे आली. मग घराच्या फाटकाचा खांब पाडला. आणि सहा महिन्यांपूर्वी शेजारच्या शीतलच्या सायकलीला डाव्या बाजूनं गाडी घासली. पोरीचं कोपर मोडलं. काकासाहेबांना कळलंसुद्धा नाही. गाडी लावून त्यांनी चहा मागितला. पोरीनंही आजोबांचं नाव सांगितलं नाही, सायकल घसरली म्हणाली.

"मंग तोंडानं सांगायचं त्यान्ला."

"सांगितलं न्हाई का बाबा? तीनदा सांगितलं. तिसऱ्या बारीला ताट भिरकावलं. चावी लपवली तर घर डोक्यावर घेतेत." त्यांनी वायरीवरचं पीठ पदरानं पुसलं. "ही वायर काढायची अक्कल तुझ्याकडूनच आली. तू एकदा काढली अन् गाडी बंद पडली, मी हितंच बसल्ते."

रोज संध्याकाळी त्या वायर काढायच्या. सकाळी काकासाहेब सेल्फ मारून मारून दमायचे, शिव्या देत एसटीनं जायचे किंवा कलीमला बोलवायला सांगायचे. बोलवायला माणूस गेला की झुंबरबाई वायर परत खोचून ठेवायच्या. कलीमला आता सगळं आठवलं. किती वेळा त्यानं येऊन चावी फिरवली होती आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली होती. आणि ज्या दिवशी झाली नव्हती, त्या दिवशी दोरी तुटलेली होती. त्याला त्या पोरीचं वाईट वाटलं, झुंबरबाईंचंही वाटलं, पण राग त्यानं तसूभर कमी झाला नाही.

"तुमच्या घरचं झाकायला माझं नाव कशाला घेता काकू? माझी गिऱ्हाइकं गेली. चार मान्सात चोर म्हनले मला."

झुंबरबाई म्हणाल्या, ते त्यांच्या कानावर आलं होतं. त्या रात्री त्यांना घास गेला नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी वायर काढली, आणि पुढंही काढणार होत्या. नाव परत मिळवता येतं, पोर गेली तर ती कुठून आणायची? ते ऐकून कलीम आणखीच तापला.

तेवढ्यात फाटक वाजलं. काकासाहेब आले होते. गाडीजवळ कलीमला बघताच त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. आता कोणता कचरा घालायला आलास, गाडीला हात लावू नकोस, तुझ्यासारख्या लबाडाला आमच्या तहसीलच्या दारातसुद्धा उभं केलं नसतं. कलीमनं सगळं ऐकून घेतलं. मग खिशातली चिरलेली वायर काढून त्यांच्या तोंडासमोर धरली आणि एकही शब्द न गिळता बोलून टाकलं. पीठ, हिसका, डोळा, शेळी, खांब, शीतल. शेवटचं नाव घेताना त्याचा आवाज चढला होता आणि तो त्याला उतरवायचाही नव्हता.

काकासाहेबांनी ओट्याच्या खांबाला हात टेकला. शीतलचं त्यांना माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. ते झुंबरबाईंकडं वळले. झुंबरबाईंनी होय म्हणून मान हलवली. आत तव्यावर भाकरी करपल्याचा वास येत होता आणि ती उतरवायला कुणी उठत नव्हतं.

"वायरीचं म्हाईत हाय मला," काकासाहेब शेवटी म्हणाले. "आंधळा व्हायलोय, बहिरा न्हाई. ह्याला बोलवायला मानूस गेला की बॉनेट वाजतं."

झुंबरबाईंचा हात वायरीवर तसाच राहिला. कलीमला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. म्हणजे या माणसाला पहिल्यापासून माहीत होतं? गाडी चालू होणार नाही हे ठाऊक असून रोज सकाळी चावी फिरवायचा, आणि मग चहा पिऊन हॉटेलात जाऊन...

"मंग मला कशाला शिव्या घातल्या?"

"मंग कोनाला घालू?"

हे ते ओरडून बोलले नाहीत. खरोखरच विचारत असल्यासारखं बोलले. कलीमच्या रागाला क्षणभर पाय ठेवायला जागा उरली नाही. पण त्याला रिकामं गॅरेज आठवलं, कारभारीचं हसणं आठवलं. हा माणूस आपल्याच ओट्यावर, आपल्याच बायकोसमोर खरं बोलला होता. ते गावाला काय कळणार होतं?

"ते मला म्हाईत न्हाई साहेब," तो म्हणाला. "जिथं बोललात तिथं चला."

"उद्या येतो."

"आत्ता. लोकं बसलेलेच हायत."

झुंबरबाई मधे पडतील असं कलीमला वाटलं होतं. त्या उठल्या, मांडीवरची वायर त्याच्या हातात दिली आणि आत भाकरी बघायला गेल्या.

कलीमनं वायर बसवली, बॉनेट पाडलं. काकासाहेब खिशातून चावी काढून सवयीनं उजव्या दाराकडं गेले. दाराच्या मुठीवर त्यांचा हात थोडा वेळ राहिला. मग त्यांनी चावी टपावर ठेवली आणि बॉनेटला हात लावत लावत समोरून वळसा घालून ते डाव्या बाजूला जाऊन बसले.

देवानंदचं हॉटेल पाच मिनिटांच्या अंतरावर होतं. कलीम मुद्दाम हळू चालवत होता. गाडी सुरेख पळत होती, एक ठोका चुकत नव्हती, आणि ते बाजूच्या माणसाला ऐकू यावं असं त्याला फार वाटत होतं.

हॉटेलात सगळी बाकं भरलेली होती. पांढरी मारुती थांबली तशी माना वळल्या. उजवीकडून कलीम उतरला, डावीकडून काकासाहेब. आतलं बोलणं आपोआप खाली आलं. देवानंदनं गल्ल्यावरूनच थट्टा केली, काय काकासाहेब, आज डायवर ठेवला का.

"हां," काकासाहेब म्हणाले.

कलीमचे दात आवळले गेले. एवढंच बोलून म्हातारा सुटणार असेल तर... पण काकासाहेब बसले नाहीत. पायरीवर उभे राहिले आणि तहसीलमध्ये नावं पुकारावीत तशा कोरड्या आवाजात बोलले.

"कलीमच्या वायरींचं मी हितं बोलल्तो, ते खोटं. माल बराबर व्हता. माझा डावा डोळा गेलाय, तरी मी गाडी चालवायचो. म्हनून घरची रोज वायर उपटून ठिवायची. मला ठावं व्हतं. झालं एवढंच."

कुणी हसलं नाही. कारभारी चहाच्या ग्लासात बघत राहिला. काकासाहेब समोरच्या बाकावर बसले, आणि दुसरीकडं जागा नव्हती म्हणून कलीमही त्यांच्याशेजारी बसला. बसायची त्याची इच्छा नव्हती. त्याला हवं होतं ते सगळ्यांसमोर, शब्दाशब्दानं मिळालं होतं, तरी छातीतली धग तशीच होती, आणि आता ती नेमकी कुणावर काढायची हे त्याला कळत नव्हतं.

देवानंदनं न सांगता दोन चहा आणले. एक कलीमच्या हातात दिला, दुसरा काकासाहेबांच्या डाव्या कोपराशी टेबलावर ठेवला. कलीमनं घोट घेतला. काकासाहेब हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी मान न वळवताच विचारलं, माझा चहा सांगितला का रे.

समोरच्या बाकावरच्या सगळ्यांनी टेबलाकडं पाहिलं. कलीमनं हात लांब करून ग्लास त्यांच्या उजव्या हाताशी सरकवला.

"आला," तो म्हणाला. "प्या आता."