गोळी म्हणजे औषध नव्हे?

मी एक जुने डॉप्लर यंत्र आहे. मित्रांनो, आईच्या पोटावर माझा दांडा टेकवला, की आतले रक्त कसे वाहते ते मी ऐकत असे. वर्ध्याच्या एका दवाखान्यात माझी उमेदीची वर्षे गेली. बाळे ऐकली पुष्कळ, पण ती जन्मायची दुसऱ्या खोलीत. त्यांचे रडणे माझ्यापर्यंत कधी आले नाही.

हिंगणीची वर्षाली सासूबरोबर आली, तेव्हा पोटातले बाळ महिन्यांच्या मानाने लहान होते. गर्भाशयाकडे जाणारे रक्त माझ्या कानाला चिंचोळ्या वाटेने गेल्यासारखे लागले.

"काही औषध चालू आहे?" डॉक्टर लीनांनी विचारले.

"नाई मॅडम."

तपासणी संपली आणि दिवा लागला. वर्षालीने डोळ्यांवर पदर ओढला.

"डोकं दुखतंय?"

"हो. अर्धशिशी आहे मले. सकाळीच गोळी घेतली. लग्नाच्या पहिलेपासून घेतो."

"मग औषध नाही का म्हणालीस?"

"गोळी होय ते. दवाई तं शिशीतली राह्यते."

सासू आनंदाबाई हसल्या. "अर्धशिशी आहे, पण घरात शिशी एकबी नाई, मॅडम."

लीनाताई हसल्या नाहीत. त्यांनी गोळीचे पाकीट मागून नाव वाचले. "ही गोळी डोक्यातल्या रक्तवाहिन्या आवळते, म्हणून दुखणं थांबतं. पण डोकं कुठलं नि गर्भाशय कुठलं, हे गोळीला कळत नाही. तिकडच्याही आवळतात. बाळाला रक्त कमी पोचतं."

आनंदाबाईंचे हसू गेले. वर्षाली हळू म्हणाली, "माह्या लेकराले काही होईन का?"

"आज सांगता येत नाही. ही गोळी बंद. दुखलं तर आधी मला विचार, दुसरं औषध देईन. आणि लवकर परत ये."

ती परत आली तेव्हा वाट रुंदावली होती. रक्त मोकळे वाहत होते. बाळ मात्र अजून लहानच होते. त्यानंतर नवे यंत्र आले आणि मला अडगळीच्या खोलीत ठेवले. पुढचे कळेना.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण घरात कुणाला दिवस गेले असतील, तर तिला प्रत्येक औषध डॉक्टरांच्या कानावर घालायला लावा. साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा. आणि चालू असलेली गोळी त्यांना विचारूनच बंद करा.

परवा दाराबाहेर एक बाळ रडत होते. ठोके असते तर मी ओळखले असते. रडणे कसे ओळखणार? तेवढ्यात वर्षालीचा ओळखीचा आवाज आला, "उगी राह्य बापू. दवाई शिशीतलीच आहे, गोड लागते."

बाळ आणखी मोठ्याने रडले. मी ऐकत राहिलो.