डोरिसबाईंचा अकरा दिवसांचा मामा

“यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही,” असं म्हणूनच त्र्यंबकअण्णा सुरुवात करत, आणि त्यांच्या गोष्टीतलं तेवढं एकच वाक्य खरं असे. सातारा नगरपालिकेतून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले अण्णा शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत शॉमबर्गला लेकाकडे आले. दोन महिन्यांत त्यांनी वाघाला छत्रीनं हाकललं, विहिरीतून हत्ती काढला आणि अजिंक्यताऱ्याचा कललेला बुरूज खांदा लावून सरळ केला. सून सीमा हे सगळं शेजारच्या डोरिसबाईंना इंग्रजीत सांगायची. अण्णांना इंग्रजी चांगलं येई, पण थापा मराठीतच सुचत.

सीमाला सासऱ्यांचं मनापासून कौतुक होतं. थाप असावी तर अशी घडीव, कुठे सांधा म्हणून दिसायचा नाही.

त्या शनिवारी डोरिसबाई एक जाडजूड वही घेऊन मागच्या अंगणात आल्या. वय शहात्तर, पण बाई चिवट. सात वर्षं त्या आपल्या घराण्याचा माग काढत होत्या. लायब्ररीत मायक्रोफिल्म बघून बघून डोळे लाल करून घ्यायच्या. आईचे वडील इंग्लंडच्या राणीच्या फौजेत सार्जंट होते आणि पुढे इलिनॉयला येऊन मका पिकवू लागले, एवढंच घरात माहीत होतं. मागच्या आठवड्यात पाद्र्याच्या नोंदवहीतली एक ओळ हाती लागली: सार्जंटचा मुलगा, वय अकरा दिवस, दफन सातारा कॅम्प, १८८७. नाव नाही.

“म्हणजे बाईंचा मामा की हो!” अण्णा म्हणाले. “अकरा दिवसांचा मामा. याच्या पाया पडायचं की याला पाळण्यात घालायचं?”

एवढं वाक्य सीमानं गाळलं.

“आईला थोरला भाऊ होता, हे आईलाही ठाऊक नव्हतं,” डोरिसबाई म्हणाल्या. “आजीनं जन्मभर तोंडातून अक्षर काढलं नाही. तुम्ही त्याच गावचे ना? त्याची जागा पाहिली असेल तर सांगा. मी शाईनं लिहून ठेवणार आहे. माझ्यामागे नातवंडं हेच खरं धरतील.”

“पाहिली म्हणजे? यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही,” अण्णांनी मांडी ठोकली, “पण रोज तिथूनच जायचो मी!”

मग चाफा आला. चाफ्याखाली इवलं थडगं आणि थडग्यावर संगमरवरी कोकरू आलं. फांदीवर आग्या माशांचं पोळं, पण लहान मुलांना डसायची त्यांची प्राज्ञा नाही! सीमा भाषांतर करत होती, डोरिसबाई भराभर लिहीत होत्या, आणि ‘काय हा माणूस!’ असं सीमाच्या मनात येत होतं.

“पण त्या बाळाला पुरलं कसं?” डोरिसबाईंनी विचारलं.

अण्णांचा आवाज खाली आला.

“आई येत नाही. बापच नेतो, हातावर. पांढऱ्या फडक्यात. वजन असं नसतंच. खड्डा मांडीइतका खोल. ओठांना दूध लावायचं. माती लोटायची. वर बाभळीच्या काट्या, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून. नदीतला एक गोटा ठेवायचा. मग बापानं मागे वळून बघायचं नसतं.” त्यांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. “मी बघितलं.”

सीमाचं इंग्रजी काट्यांपाशीच अडलं होतं.

“ओठांना दूध?” डोरिसबाईंचे डोळे भरून आले. “माझ्या आजोबांनी? तो दगडासारखा माणूस?” आणि त्या लिहू लागल्या, सावकाश, वळणदार अक्षरात.

सीमानं पुढे होऊन वहीवर हात ठेवला. शाई तिच्या तळव्याला लागली.

“नका लिहू, डोरिस. हे खोटं आहे. अण्णांनी तुमच्या कॅम्पच्या दफनभूमीत कधी पाऊल टाकलेलं नाही. हे साताऱ्याजवळच्या माहुलीच्या नदीकाठचं आहे, सासूबाईंनी मला एकदाच सांगितलं होतं. हे मूल तुमच्या आजोबांचं नाही. अण्णांचं आहे. त्यांची पहिली मुलगी.”