बारा छर्रे कमी पडलेली पाणबुडी

मी एक जुनी पाणबुडी आहे. समुद्र मी कधी पाहिला नाही. आदिलाबादजवळच्या मावला गावात, तीन इंची पाइपच्या वीतभर तुकड्यातून माझा जन्म झाला. मित्रांनो, आज मी शाळेतल्या काचेच्या कपाटात आहे आणि मला फार राग आलेला आहे.

मला घडवलं नववीतल्या साक्षीने. तिचे वडील धम्मपाल बस आगारात कारकून. त्यांनी आणलेल्या जुन्या ट्यूबच्या तुकड्याने माझं झाकण घट्ट बसलं. पोटात खेळण्यातली मोटर, दोन सेल आणि सायकलचे छर्रे. एकेक छर्रा टाकत साक्षीने माझं वजन असं तोललं, की मी तळालाही टेकू नये आणि वरही येऊ नये.

तिचा प्रश्न एकच होता. डिझेल आणि बॅटरीवर चालणारी पाणबुडी अरुंद, जहाजांनी गजबजलेल्या सामुद्रधुनीतून गुपचूप जाऊ शकेल का? तीनशे लिटरच्या टाकीत तिने विटांच्या दोन भिंती रचून मध्ये चिंचोळी वाट ठेवली. वर मोटरच्या बोटी सोडल्या. फुग्यात बांधलेला माइक पाण्यात बुडवला. धम्मपाल टाकीकडे पाठ करून, कानात इयरफोन घालून बसत.

"बाबा, आली का ऐकू?"

"नाही वं माय. बोटीच घरघर करून राह्यल्या."

अशा चाळीस चाचण्या झाल्या. हळू गेले, की बोटींच्या आवाजात माझा आवाज हरवे. वेग वाढवला, की धम्मपाल लगेच हात वर करत. शिवाय खऱ्या पाणबुडीची बॅटरी उतरली, की डिझेल इंजिनासाठी हवेची नळी पाण्याबाहेर काढावी लागते. तेव्हा ती दिसते आणि ऐकूही येते. साक्षीने वहीत लिहिलं : 'जाता येईल, पण हळू, बॅटरी पुरली तर, आणि दर वेळी नाही.' मला या वाक्याचा अभिमान होता.

आमच्या शाळेत जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन भरलं. तिथून एकच नमुना हैदराबादला जाणार होता. नमुने तपासणारे पाहुणे यायच्या आधी साक्षी वही आणायला वर्गात गेली, तेवढ्यात मुख्याध्यापक उत्तमराव सर टाकीपाशी आले. त्यांनी बोट बुडवून पाणी चाखलं.

"समुद्र म्हणते अन् पाणी गोडं? महिपत, स्वयंपाकखोलीतून मीठ आण!"

"सर, पोरांच्या वरणाचं मीठ हाय ते," शिपाई महिपत म्हणाला.

"आज वरण अळणी खातील. टाक!"

पाच किलो मीठ पडलं. महिपतने काठीने ढवळलं. मित्रांनो, खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असतं आणि तरंगत्या वस्तूला जास्त उचलून धरतं. मला ते कळत होतं, पण बोलायला तोंड नव्हतं. मी वर आले आणि पाठ उघडी टाकून तरंगू लागले.

साक्षी धावत आली. "सर, मीठ काऊन टाकलं? हिचं वजन गोड्या पाण्यावर तोललं हाय! पाच मिनिटं द्या, छर्रे टाकते."

"चूप राह्य. पाहुणे आले."

पाहुण्यांनी मला पाहिलं. "ही पाणबुडी हाय का बदक?" सगळे हसले. उत्तमराव सरही हसले! वही कोणी उघडली नाही. साक्षीच्या नावापुढे फुली पडली.

मंडप रिकामा झाल्यावर तिने माझं झाकण उघडलं. एक छर्रा, दोन, तीन... बाराव्या छर्‍याला मी पुन्हा पाण्याच्या मधोमध आले. प्रदर्शन पाहायला आलेल्या धम्मपालांनी इयरफोन कानात घातला. एक्केचाळिसावी चाचणी खाऱ्या पाण्यात झाली. कोणालाही ऐकू न येता मी भिंतींमधल्या वाटेतून पार गेले. साक्षीने वहीत एक ओळ वाढवली : 'पाण्याचा खारेपणा बदलला, तर वजन पुन्हा तोलावं लागेल.' माझं वर तरंगणं हा दोष नव्हता. तेही साक्षीच्या प्रश्नाचं एक उत्तर होतं, आणि पाहुणे त्यावर हसून गेले होते.

नंतर उत्तमराव सरांनी मला तिरंगी रंग दिला आणि कपाटात ठेवलं. समोर चिठ्ठी : 'कोणत्याही सामुद्रधुनीतून शत्रूच्या नकळत जाणारी पाणबुडी.' मी असं कधीच म्हटलं नव्हतं! तीन वर्षं मी या खोट्या चिठ्ठीमागे उभी आहे. सेल फुटून पाझरलेत, छर्‍यांना गंज चढलाय.

मित्रांनो, मला पुसू नका, नवा रंगही देऊ नका. आधी ती चिठ्ठी फाडा. साक्षीची वही माझ्याशेजारी उघडून ठेवा. आणि चाळीस वेळा मोजणारी मुलगी पाच मिनिटं मागत असेल, तर तिला ती द्या.