हसण्यासाठी सोडलेली जागा

“बाबा, पिक्चरमधले ते पॉज काढून टाकलेत मी,” केदार लॅपटॉपची वायर जोडत म्हणाला. “सुशांत म्हणाला, जेवणाआधी संपव. पोरं बोअर होतात यार.”

“कुठले पॉज?”

“जोक झाला की सगळे नुसते बघत उभे राहतात ना, ते. डेड स्पेस.”

मनोहरांना ते पॉज ठाऊक होते. बोलपट नवे होते तेव्हा नट विनोद करून थांबत. नाहीतर थिएटरातल्या हशात पुढचं वाक्य बुडालं असतं.

“आणि आमची सबटायटल्स?”

“ती वेगळ्या फाइलमध्ये आहेत ना? त्यांना मी हातच नाही लावला.”

डब्लिनमधल्या शाळेच्या हॉलचे दिवे मालवले गेले. मराठी मंडळाची माणसं सावरून बसली.

१९३०चा विनोदी इंग्रजी बोलपट. तो ज्या कादंबरीवरून काढला, ती मनोहरांनी नागपूरला कॉलेजात वाचली होती. मुलाच्या घरी, रिकाम्या दुपारी, त्यांनी आणि पत्नी शोभनानं तो मराठीत उतरवला. पुरुषांची वाक्यं त्यांची, नायिकेची तिची. फेब्रुवारीत ती गेली.

नायक मागणी घालतो, तिथलं नायिकेचं उत्तर शोभनानं बनवलं नव्हतं. मनोहर तिला बघायला गेले होते, तेव्हा जिन्यात ती त्यांना हेच म्हणाली होती.

सुरुवात बरी गेली. मग कापलेल्या प्रत्येक पॉजसरशी खालची अक्षरं चित्राच्या मागं पडू लागली. नायकाचं वाक्य नोकराच्या तोंडी आलं, नोकराचं पाद्र्याच्या. हॉल हसू लागला. नायकानं गुडघे टेकले, नायिकेचे ओठ हलले. खाली तिच्या बापाची शिवी. मग तबेला. डॉक्टरनं घोड्याचा जबडा उघडला आणि दातांखाली उमटलं : ‘जरा वेंधळे आहात. पण चालेल.’

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. केदार डोळे पुसत होता. ते वाक्य आईचं आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“आजोबा, द हॉर्स!” त्याची मुलगी अनिका ओरडली. “यू आर सो फनी!”

दिवे लागले. मंडळाचा सेक्रेटरी सुशांत धावत आला.

“काका, काय डोकं आहे तुमचं! मला वाटलं, आज झोप काढायची. ते घोड्याचं परत लावा ना, जेवणाची लाइन लागायच्या आत.”

“अहो, ते खरं तर चुकून...”

“वन्स मोअर!” मागून आवाज आला. मग टाळ्या.

मनोहरांनी बोलपट मागं नेला. घोड्याचा जबडा उघडला, शोभनाचं वाक्य आलं. त्यांनी पॉजचं बटण दाबलं आणि लोकांचं हसून होईपर्यंत ते थांबले.