करडईचं तेल आणि माझा सूड

मित्रांनो, मी एक जुनी, ठेंगणी आणि राग धरून बसणारी सायकल आहे. माझ्या जातीला बीएमएक्स म्हणतात. चाकं लहान, सीट खाली, हॅंडल उंच. उड्या मारायलाच आमचा जन्म. माझ्या अंगावर पाच पोचे आहेत. पाचही एकाच हाताचे, आणि तो हात मी विसरलेले नाही.

तो हात रणधीरचा. त्याच्या वडिलांनी मला सोलापुरातून आणलं, तेव्हा मी लालभडक होते. पहिले आठ दिवस रणधीर मला पलंगाशेजारी उभी करून झोपायचा. मग तो ओट्यावरून उड्या मारायला लागला, माझा पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला आणि मी गोठ्यामागं जाऊन पडले. दुरुस्त करू असं कुणी म्हटलं नाही. त्याला गिअरवाली दुसरी आली. माझी चाकं कुणी नेली, साखळी कुणी नेली, शेवटी नुसता सांगाडा उरला. तोही त्यांनी ज्वारीच्या रानात खांबाला बांधून बुजगावणं म्हणून उभा केला. अंगात रणधीरचाच फाटका शर्ट, वर मडकं. पाखरं तर मला भ्यायली नाहीतच, उलट माझ्या खांद्यावर बसून कणसं खायची. आणि रणधीर बांधावर उभा राहून गोफणीनं माझ्यावर नेम धरायचा. प्रत्येक दगडाला मी मनात एकच म्हणायचे, एकदा बस माझ्यावर.

दोन सुग्या गेल्या. तिसऱ्या सुगीला राजनंदिनी आपल्या आईबरोबर, राजेश्वरीबरोबर, काढणीला आली. आठवीतली पोर. तिनं माझ्या अंगातला शर्ट काढला, नखानं टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं. मग रणधीरच्या आजोबांकडं, बलभीम अण्णांकडं जाऊन विचारलं, हे मी नेऊ का.

"ने की पोरी," अण्णा हसून म्हणाले. "त्याचं काय लोणचं घालायचंय?"

हे सगळ्या रानानं ऐकलं. रणधीरनंही ऐकलं. त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

सास्तूरच्या स्टँडजवळ माणिकप्पांचं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॉल्या आणि बैलगाड्यांचे आस दुरुस्त करणारा माणूस. त्यांनी पोरीला सांगितलं, पैसे नकोत, पण फुकटही काही मिळणार नाही. दर रविवारी दुकान झाडायचं, त्या बदल्यात एक काम करून देईन. म्हणून मी रविवारा-रविवारानं जन्मले. एका रविवारी चिमटा सरळ झाला. एका रविवारी मोडक्या लोखंडी खाटेच्या पायांचं हॅंडल झालं. चाकं भंगारातल्या एका लहान पोरांच्या सायकलीची, टायर तिच्या येरमाळ्याच्या मामानं दिलेले, साखळी दोन तुटक्या साखळ्या जोडून केलेली. रंग ट्रॅक्टरच्या डब्यात उरलेला निळा. ब्रेक आधी नव्हतेच. राजनंदिनी चप्पल घासून थांबायची. दोन महिन्यांत दोन जोड झिजल्यावर राजेश्वरीनं तिला झिजलेल्या चपलेनंच ओवाळलं, मग पुढच्या रविवारी मोटारसायकलच्या क्लच वायरीवर ब्रेक बसले.

माझ्यात नवं असं काहीच नव्हतं. पण शाळेच्या मैदानावर ती माझं पुढचं चाक उचलून चालवायची, तेव्हा गिअरवाल्या सायकली खाली ठेवून पोरं बघत राहायची. रणधीरही बघायचा.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी तो दुकानात आला आणि सांगाडा आमचा आहे, परत पाहिजे, म्हणाला. अण्णांनी दिलाय, असं राजनंदिनीनं सांगितलं.

"अण्णांनी दिलाय. म्या कुठं दिलाय?"

पोरीचे डोळे भरले, पण हातातला पाना सुटला नाही. सात महिन्यांचे रविवार होते ते. माणिकप्पांनी मशीन बंद केली.

"पळवायला कुणालाबी येतंय," ते म्हणाले. "दसऱ्याला पाझर तलावाच्या बांधावरनं खाली या. म्या रेघ मारतो. रेघंवर जो थांबवील, त्याची गाडी."

रणधीर लगेच तयार झाला. मीही तयार होते.

मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं घरातली सगळी अवजारं धुऊन पुजतात. राजेश्वरीनं खुरपं, विळा, शिलाई मशीन मांडलं आणि शेजारी मला उभं केलं. लेकीच्या वेण्यांना लावते तितक्या मायेनं तिनं मला करडईचं तेल लावलं. हॅंडलला, नळ्यांना, आणि रिमलाही. मग कुंकू, झेंडूची माळ. इतक्या हळू हातानं मला कधी कुणी शिवलं नव्हतं. तरी मला एकच कळलं: तेलकट रिमवर ब्रेकचे रबर धरत नाहीत. उद्या रणधीर थांबणार नव्हता. रात्रभर मी खूश होते.

दसऱ्याला सोनं लुटून झाल्यावर पोरं बांधावर जमली. माळ तुटू नये म्हणून राजनंदिनीनं मला तिथवर हातानं ढकलतच नेलं होतं. रेघेच्या पलीकडं म्हशींचं डबकं होतं. गाडी आमची, म्हणून आधी मीच, असं म्हणत रणधीर पांढऱ्या नव्या शर्टात माझ्यावर बसला. तीन वर्षं मी याच वजनाची वाट पाहत होते. मी सुटले. त्यानं ब्रेक दाबला, मी हसले. त्यानं दोन्ही दाबले. रेघ आली, गेली, आणि रणधीर गळ्यापर्यंत चिखलात.

पोरं लोळून हसली. मग राजनंदिनीनं मला चिखलातून ओढून काढलं आणि मला घाम फुटला. आता तिची पाळी होती आणि माझी रिम तशीच तेलकट होती. सुडाच्या नादात मी दुसऱ्या फेरीचा विचारच केला नव्हता. ती हरली तर मला पुन्हा त्याच गोठ्यामागं जायचं होतं.

तिनं रिमवरून बोट फिरवलं. वास घेतला. कोरडी माती घासली, नव्या ओढणीच्या टोकानं दोन्ही चाकं लख्ख पुसली. आणि मला घेऊन सरळ रणधीरपाशी गेली.

"रिमला तेल व्हतं. आईनं पूजेला लावलेलं. तू परत एकदा जा."

मित्रांनो, त्या क्षणी मला तिचाही राग आला. इतक्या वर्षांचा सूड तिनं ओढणीनं पुसून टाकला. रणधीरनं माझ्या ब्रेकला हात लावला, बांधाकडं पाहिलं, डबक्याकडं पाहिलं.

"न्हाय," तो म्हणाला. "तू जा."

ती गेली. पुढचं चाक रेघेवर टेकवून मी थांबले, इंचभरही न चुकता.

आता रणधीरही रविवारी माणिकप्पांच्या दुकानात येतो, शिकायला. राजनंदिनीनं त्याला माझी रिम पुसायचं काम दिलंय. तुम्हीही आपल्या सायकलीला तेल द्या, जरूर द्या, पण साखळीला. रिम कोरडी ठेवा. आणि मोडलेल्या वस्तूला दगड मारू नका, ती कुणाच्या तरी हातून पुन्हा उभी राहते. मी काही त्याला माफ केलेलं नाही. तो माझ्यापुढं गुडघे टेकून बसतो, फडकं फिरवतो, आणि त्याच्या शर्टाला साखळीचं काळं लावल्याशिवाय मी त्याला उठू देत नाही.