अस्वलाचा सोबती

अर्जातला अकरावा रकाना असा होता : ‘आपले कोणी नातेवाईक आमच्याकडे नोकरीत आहेत का? असल्यास नाते व पद.’ साहेबांनी त्यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘नाही’.

मुलीने अर्जाची प्रत वाचताना त्या रकान्यावर बोट ठेवलं, क्षणभर थांबली आणि बोट खालच्या ओळीवर नेलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. ‘वशिला वाटायला नको म्हणून’ हे उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं.

साहेब म्हणजे बिस्किटांच्या कारखान्यातले पॅकिंगचे पाळीप्रमुख. तिथे सव्वीस वर्षं काढली. कारखाना बंद होऊन आठ महिने झाले, तरी गल्लीत त्यांना साहेबच म्हणत. घरात हा शब्द बायको वापरायची, पण तो टोमणा मारायचा असेल तेव्हा. वय बावन्न. आठ महिन्यांत सात ठिकाणी अर्ज केले, सहा ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. सातवं ठिकाण थीम पार्क. तिथून बोलावणं आलं होतं. मुलाखत उद्या अकरा वाजता.

पद होतं ‘सोबती’. पार्कमध्ये अस्वल, ससा, घुबड असे मोठ्या डोक्यांचे पोशाख घालून माणसं फिरतात, मुलं त्यांच्याबरोबर फोटो काढतात. आतल्या माणसाला धड दिसत नाही आणि बाहेर असेपर्यंत बोलायची बंदी. मुखवटा तर लोकांसमोर काढायचाच नाही. म्हणून प्रत्येकाबरोबर एक सोबती चालतो. वाट मोकळी करायची, पायरी आली की कोपराला धरायचं आणि आतल्या माणसाच्या हातांकडे सतत लक्ष ठेवायचं, एवढं त्याचं काम.

साहेबांची मुलगी चार वर्षांपासून त्या पार्कमध्ये अस्वल होती. निळ्या जाकिटाचं.

आज पार्कची साप्ताहिक सुट्टी. दुपारी जेवणं झाल्यावर मुलीने बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात मटार सोलत बसली होती.

“बसा बाबा. असं नाही, पाय हलवू नका.”

“मी काय पहिल्यांदा मुलाखत देतोय?”

“पहिल्यांदाच,” आई म्हणाली. “कारखान्यात माझ्या मामांनी चिकटवलं होतं तुम्हाला. मुलाखत कधी झाली होती साहेबांची?”

मुलगी हसली. साहेबांनी हसल्यासारखं केलं.

“लहान मूल अस्वलाला बघून रडायला लागलं तर काय कराल?”

“त्याच्या आईबापांना सांगेन, त्याला जरा लांब घेऊन जा.”

“चूक. लांब न्यायचं ते अस्वलाला. ते लोक तिकीट काढून आलेत.”

“हे बरंय. म्हणजे चूक कुणाची ते बघायचंच नाही.”

“तुम्ही आता पाळीप्रमुख नाही बाबा. पुढचा. एखादा पाहुणा अस्वलाशी दांडगाई करायला लागला तर?”

साहेबांनी खुर्चीत बूड सरकवलं. “मध्ये पडेन. गोड बोलून बाजूला करेन.”

“बरोबर. आमची पात्रं काम करताना कधी बघितलीत का?”

“नाही. कारखान्याच्या त्या सहलीत आम्ही पाण्याच्या भागातच होतो. सांगितलं होतं ना तुला.”

“हं,” ती म्हणाली. दोन वर्षांपूर्वीही ती एवढंच म्हणाली होती.

“आता खुणा सांगा.”

खुणा तीन होत्या. एक हात डोक्यावर, म्हणजे पाणी हवं. दोन्ही हात गुडघ्यांवर, म्हणजे दमलोय, वेळ संपवा. आणि दोन्ही हात छातीवर एकमेकांवर आडवे, म्हणजे आत्ताच्या आत्ता आत न्या.

पहिल्या दोन खुणा साहेबांनी घडाघडा सांगितल्या. तिसरीला त्यांची जीभ अडखळली. ही खूण त्यांना पार्ककडून शिकायची गरजच नव्हती. पार्कने ती त्यांच्याकडून घेतली होती.

पॅकिंगच्या यंत्रांचा आवाज इतका असायचा की शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. सगळा कारभार हातांनी चालायचा. छातीवर हात आडवे म्हणजे कुणाचं तरी काहीतरी अडकलंय, पट्टा थांबवा. ज्याला ती खूण दिसेल त्याने, मग तो कुणी का असेना, धावत जाऊन लाल बटण दाबायचं. सव्वीस वर्षांत साहेबांच्या पाळीत एकदाही पट्टा थांबायला उशीर झाला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते जेवताना मधूनमधून बोलूनही दाखवत. मुलगी नवी नवी कामाला लागली तेव्हा पार्कमध्ये खुणाच नव्हत्या. तिने वरिष्ठांना ही खूण सुचवली, ती मंजूर झाली आणि घरी येऊन तिने सांगितलं, “बाबा, तुमची खूण आमच्याकडे लागू झाली.” त्या संध्याकाळी साहेब खूश झाले होते. मात्र हे बाहेर कुणाला सांगायची सोय नव्हती. कारण बाहेर त्यांनी सांगून ठेवलं होतं की मुलगी पार्कच्या ऑफिसात असते.

“बोला ना,” मुलगी म्हणाली. “हात आडवे म्हणजे?”

“आत न्यायचं. बाकी सगळं सोडून.”

“ठीक. आता करून बघू. उद्या करून दाखवायला लावतात.”

तिने आतून उशीचा मोठा अभ्रा आणला आणि डोक्यावरून खाली ओढला. “मी अस्वल. तुम्ही माझ्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. चला.”

बाहेरच्या खोलीची लांबी सात पावलं. दोघं खिडकीपर्यंत गेली आणि वळली. “अगं, धडपडशील,” आई म्हणाली. “सोबती आहे ना माझा,” अभ्र्यातून आवाज आला. परत येताना खुर्चीजवळ मुलगी थांबली आणि तिने दोन्ही हात छातीवर आडवे धरले.

साहेब जागच्या जागी उभे राहिले.

काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. कोपर धरायचं, वळवायचं, न्यायचं. पण त्यांचा हात उठेना. डोळ्यांसमोर अभ्रा नव्हता. निळं जाकीट होतं, मागे कारंजं होतं आणि भोवती त्यांच्याच पाळीतली चाळीस माणसं होती.

कारखान्याची ती शेवटची सहल. सकाळी बसमध्येच नकल्याने विषय काढला होता. नकल्या म्हणजे पॅकिंगमधला सगळ्यांच्या नकला करणारा माणूस, खुद्द साहेबांचीही करणारा. “साहेब, ताई भेटतील ना ऑफिसात? जरा गार पाण्याचं बघतील आमच्या.” साहेब म्हणाले होते, “ती वरच्या मजल्यावर असते. खाली येत नाही.” दुपारी कारंज्यापाशी अस्वल दिसलं. साहेबांनी ते चालीवरून लांबूनच ओळखलं. नकल्याने धावत जाऊन अस्वलाच्या मानेला लोंबकळून घेतलं. अस्वल मागच्या मागे पडलं. माणसं खो खो हसली. चौघांनी कान धरून त्याला उभं केलं, पाचव्याने शेपूट ओढली, कुणीतरी कॅमेरा काढला. अस्वलाने हात छातीवर आडवे घेतले. कुणाला काही कळलं नाही, अस्वल लाजतंय असं वाटून लोक आणखी हसले. खरं म्हणजे पाळीतला प्रत्येक माणूस ही खूण रोज बघत होता, पण सहलीत, अस्वलाच्या अंगावर, ती कुणाच्या डोक्यात आली नाही. साहेबांच्या आली. अस्वलाने पुन्हा हात आडवे घेतले, या वेळी साहेबांच्या दिशेने वळून.

साहेब म्हणाले, “चला रे, बस सुटेल.” आणि मान फिरवून चालू लागले.

“बाबा.” अभ्रा अजून डोक्यावरच होता. मुलगी हळू आवाजात बोलत होती. “आतून चेहरे दिसत नाहीत. जाळी तोंडाशी असते, खालचं तेवढं दिसतं. तपकिरी बूट होते. उजव्याची नाडी तपकिरी, डाव्याची काळी. ती काळी मीच घालून दिली होती त्या आठवड्यात. तपकिरी मिळाली नव्हती.”

साहेबांना बसावंसं वाटलं, पण खुर्ची तिच्या मागे होती.

“हनुवटीचा पट्टा गळ्यावर सरकला होता. शेवटी झाडूवाल्या मावशींनी नेलं आत. त्यांना खूण माहीत नव्हती. नुसतं बघून कळलं त्यांना. मग चौकशी झाली. सोबती नेमायला त्यानंतर लागले. तुम्ही अर्ज केलाय ना, ती जागा त्या दिवसामुळे निघाली.”

मटार ताटात पडायचे थांबले. “काय गं? कसली चौकशी?” आईने विचारलं.

“काही नाही आई. खुणा घोकतोय आम्ही.”

तिने आपल्यावर पांघरूण घातलं हे साहेबांना कळलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय हे त्यांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, भर दुपारी समजलं. त्यांनी तोंड उघडलं. “मी…”

“उद्या असे थिजलात तर घ्यायचे नाहीत,” मुलगी म्हणाली. “परत करू. खिडकीपासून.”

पुन्हा सात पावलं. पुन्हा हात आडवे. या वेळी साहेबांनी तिचं कोपर धरलं, वळवलं आणि आईच्या ताटाला वळसा घालून स्वयंपाकघरात नेलं. तिथे तिने अभ्रा काढला. केस विस्कटले होते, डोळे कोरडे होते. “कोपर इतकं आवळायचं नाही,” ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी साहेब वेळेच्या चाळीस मिनिटं आधी पोचले. पायात तेच बूट होते, दुसरे नव्हते. मुलाखतीच्या खोलीत भिंतीला टेकून घुबडाचं डोकं ठेवलं होतं. टेबलामागे भरतीच्या बाई आणि त्यांच्या शेजारी पात्रांच्या पथकाचा प्रमुख. तो म्हणे स्वतः सहा वर्षं ससा होता.

प्रश्न बरेचसे घरी झाले होते तेच आले. रडणारं मूल, पायरी, पाऊस. बाई अर्जावर बारीक खुणा करत होत्या. चालून दाखवायचं झालं, तेही नीट झालं. सशाने मान हलवली. त्या मान हलवण्यावरून साहेबांना वाटलं, जमलं बहुतेक.

“सव्वीस वर्षं माणसं सांभाळलीत,” बाई म्हणाल्या. “कामात झालेली एखादी चूक सांगा. सगळ्यांनाच विचारतो.”

याचं उत्तर मुलीने पाठ करून घेतलं होतं. एकदा खोक्यांवर चुकीची तारीख छापली गेली, वेळीच लक्षात आलं, पुन्हा छापून घेतली. छोटी चूक, आणि स्वतःच सुधारलेली.

“एकदा एक खूण दिसली आणि मी मान फिरवली,” साहेब म्हणाले.

“कारखान्यात?”

“नाही. इथेच. कारंज्यापाशी. दोन वर्षांपूर्वी आमची सहल आली होती.”

ससा पुढे सरकून बसला. “अस्वल पडलं होतं तो दिवस?”

“हो. ती माझीच माणसं होती. अडवायला माझा एक शब्द पुरला असता.”

“खुणेचा अर्थ तुम्हाला ठाऊक होता?”

“ती खूण आमच्या कारखान्यातली आहे.”

“मग मान का फिरवलीत?” बाईंनी विचारलं. विचारण्यात राग नव्हता, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

“आत कोण आहे ते मला माहीत होतं. मी गेलो असतो तर बाकीच्यांनाही कळलं असतं.” साहेबांनी हात पुढे केला. “जरा पेन देता? अर्जात एक दुरुस्ती आहे.”

“खाली छापलंय ते वाचलं ना? खोटी माहिती आढळली तर अर्ज बाद होतो.”

“वाचलंय.”

बाईंनी पेन दिलं. साहेबांनी अकराव्या रकान्यातलं ‘नाही’ खोडलं आणि शेजारी, होती तेवढ्या जागेत, लिहिलं : ‘मुलगी. अस्वल.’

संध्याकाळी मुलगी घरी आली तेव्हा ते बाहेरच्या खोलीत बसून होते. दिवा लावलेला नव्हता. तिने दिवा लावला, पिशवी ठेवली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. खुर्च्या कालपासून तशाच होत्या.

“बाद झाला अर्ज,” ती म्हणाली.

“हं.”

“पथकाचे सर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा करता येईल. माझ्याबरोबर नाही देणार, नातेवाईकांना एका जोडीत ठेवत नाहीत. घुबडाबरोबर बघू म्हणाले.” ती चपला काढायला वाकली. “आणि पदाचं नाव ‘पात्र कलाकार’ आहे बाबा. ‘अस्वल’ काय लिहिलंत? दुपारपासून सगळं ऑफिस मला विचारतंय.”

“सगळ्यांना कळलं?”

“सगळ्यांना. कारंज्याचंही.”

साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मग विचारलं, “तुला लाज वाटली?”

ती लगेच ‘नाही’ म्हणेल अशी त्यांची अपेक्षा होती. तिने विचार केला.

“थोडी,” ती म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. आतून आईने विचारलं, काय झालं साहेबांचं? मुलीने बापाकडे पाहिलं. या वेळी ती काही बोलली नाही. साहेब उठले, स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले आणि कारंज्यापासून सांगायला लागले.