कंदीलवाले

ओरिन हासनं गाजर भाजीच्या पाटातून वर आलेल्या खिळ्यावर खोचलं आणि डाव्या हातानं सुरी चालवायला सुरुवात केली. तो खिळा वेंडेलनं खास त्याच्यासाठी खालून ठोकून दिला होता, कारण जूनमध्ये पक्षाघाताचा झटका आल्यापासून बापाचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असे. चकत्या जाड-बारीक होत होत्या. वेंडेल मदतीला पुढे झाला, तसं म्हाताऱ्यानं त्याला सुरीनंच लांब व्हायला खुणावलं.

"किती जण म्हणालास?"

"आठ-नऊ. मारिट आणेल तेवढे."

"मग अजून बटाटे सोल. पोरं थंडीत राबणार. अर्धपोटी कुणाला पाठवायचं नाही."

पातेल्यात हरणाचं मांस शिजत होतं. गेल्या वर्षी ओरिननं स्वतः टिपलेल्या हरणाचं ते शेवटचं पुडकं. यंदाचा शिकारीचा हंगाम सुरू होऊन आठवडा झाला होता, पण बंदूक कपाटातून निघाली नव्हती. खिडकीबाहेर आभाळ सकाळपासून शिशाच्या रंगाचं होतं आणि तळ्याकडून बोचरा वारा येत होता.

आजच्या दिवसासाठी बापाला राजी करताना वेंडेलच्या नाकी नऊ आले होते. दाराच्या चार पायऱ्यांवरून बापाला उचलून खाली न्यायचं, दवाखाना करून पुन्हा उचलून वर आणायचं, यात दोघांचेही हाल होत होते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधणं आता टाळता येण्यासारखं नव्हतं. चर्चची मंडळी फळ्या-खिळे घेऊन आली होती, तर ओरिननं त्यांना दारातूनच वाटेला लावलं. दानधर्माचं त्याला वावडं होतं. शेवटी वेंडेल म्हणाला, हे दानधर्मवाले नाहीत, हे माझे भाऊ आहेत. तुम्ही लाकडाचे ट्रक चालवायचात तेव्हा एकाची गाडी अडली की मागचे सगळे थांबायचे ना, तसं समजा. त्यावर म्हातारा म्हणाला, "मित्र असतील तर येऊ देत. पण जेवून जातील."

भाऊ म्हणजे तासाभरावरच्या कॉलेजातल्या सेवा-बंधुमंडळातले. मुलगा असो की मुलगी, तिथं सगळे भाऊच. छातीवर पितळेचा इवलासा कंदील लावायचा, हात लागतील तिथं लावायचे आणि मोबदल्याचं नाव काढायचं नाही. पुढाकार, मैत्री, सेवा हे मंडळाचे तीन शब्द, आणि वेंडेलसाठी ते नुसते शब्द नव्हते. दोन वर्षं नव्या पोरांना शपथेसाठी तयार करायचं काम त्याच्याकडे होतं. मग बापाला झटका आला आणि एका सत्रापुरतं म्हणून तो घरी आला. ते सत्र संपत आलं होतं आणि पुढच्याचं काही खरं नव्हतं. आज सकाळी त्यानं किती तरी महिन्यांनी कामाच्या शर्टावर कंदील लावला होता. लावून आरशात पाहिलं, आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

व्हॅन आली. मारिट ओलांडर उडी मारून उतरली आणि तिनं त्याला कडकडून मिठी मारली. मंडळात प्रत्येक नवख्याला एक थोरला भाऊ नेमून देतात. मारिट त्याचा 'धाकटा भाऊ' होती आणि या नात्यावरून दोघं किती तरी वेळा हसली होती. आता ती मंडळाची अध्यक्ष होती. बाकीचे सगळे सप्टेंबरात आलेले. त्यांतल्या एकालाही वेंडेल ओळखत नव्हता, आणि तेही त्याला ओळखत नव्हते.

त्यानं हातोडी उचलली. हिरव्या टोपीतल्या एका पोरानं ती अगदी अदबीनं त्याच्या हातातून काढून घेतली.

"सर, तुम्ही आत बसा. आम्ही आहोत ना."

आपण यांच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठे आहोत, हे सांगावंसं वेंडेलला वाटलं, पण तो फळ्यांकडे वळला. थोडा वेळ त्या पुढे करत राहिला, मग तेही कुणी करू देईना, तेव्हा रश्शाकडे बघायला आत गेला.

दुपारपर्यंत उताराचा सांगाडा उभा राहिला. ओरिननं वाट्या टेबलावर मांडायला लावल्या, एका हातानं स्वतः पाव मोडून ठेवले आणि म्हणाला, "बोलव त्यांना. गरम आहे तोवर."

वेंडेल बाहेर आला. जेवण तयार आहे, बाबांनी स्वतः केलंय, असं त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. हातोड्या थांबल्या. पोरांनी मारिटकडे बघितलं आणि मारिटनं जमिनीकडे.

"आम्ही डबे आणलेत, वेंडेल."

त्याला कळायला हवं होतं. कंदील छातीवर असेपर्यंत, ज्याच्या दारी काम करायचं त्याच्या घरचा घास घ्यायचा नाही. मंडळाच्या पहिल्या भावांनी म्हणे पुरानंतर एका विधवेचं घर उपसलं होतं आणि तिनं पुढे केलेलं सगळं आनंदानं खाल्लं होतं. नंतर कळलं की ती त्यापुढे कित्येक दिवस उपाशी होती. शपथेच्या आदल्या दिवशी दिवे मालवून ही गोष्ट नव्या पोरांना सांगायची, तीही वेंडेलच सांगायचा. सांगायचाही अशी की पोरांचे डोळे भरून यायचे.

पण दुसरीही एक रीत होती. भावाच्या ताटात हात घालायला विचारायचं नाही.

"भावाच्या घरी आलीयेस तू," तो हळूच म्हणाला.

"तू भाऊच आहेस रे. पण काम तुझ्या घरचं आहे." तिनं आवाज आणखी खाली आणला. "ही पोरं नवीन आहेत. आज मी बसले जेवायला, तर उद्या कुठल्या तोंडानं सांगू त्यांना? एकदा सूट दिली की नियम संपला, हे तूच शिकवलंस ना मला?"

शिकवलं होतं. तुओमिनेन नावाच्या एका म्हातारीच्या छपराच्या पन्हळी साफ करायला गेले असताना एका नवख्या मुलीनं तिच्या बशीतलं बिस्किट उचललं होतं. वेंडेलनं हसत हसत ते मुलीच्या हातातून घेऊन बशीत परत ठेवलं आणि व्हॅनमध्ये सगळ्यांसमोर त्यावर छोटंसं भाषणही दिलं. ती नवखी मारिटच होती. बशी धरून उभी राहिलेली म्हातारी पुढे काय म्हणाली, बशी घेऊन कुठं गेली, हे त्याला आजवर कधी आठवावंसंही वाटलं नव्हतं.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला.

तो आत आला तेव्हा ओरिननं खुर्ची खिडकीशी नेली होती. बाहेर सगळे व्हॅनमध्ये शिरत होते. मारिटनं उबेसाठी इंजिन चालू केलं. काचा हळूहळू धुकटल्या आणि आत कागदातली सँडविचं उघडली जाताना अंधुक दिसली. कुणीतरी काही तरी विनोद केला असावा, कारण गाडी हसण्यानं हलली.

"मित्र म्हणालास ना?"

वेंडेलनं नियम समजावून सांगितला. पुराची गोष्टही सांगितली, पण त्या गोष्टीत आज काही केल्या जीव येईना. सगळं ऐकून झाल्यावर बाप म्हणाला, "म्हणजे आपण त्यांच्यातले झालो."

"कुणाच्यातले?"

"ज्यांच्याकडे असे लोक येतात."

ओरिननं वाटी पुढे सरकवली. "वाढ मला. चांगला झालाय." तो सावकाश जेवला, पाव रश्शात बुडवून, मान खाली घालून, आणि चमचा प्रत्येक घासाला टेकवून ठेवत राहिला. बाकीच्या वाट्या कोऱ्याच होत्या. त्या उचलून ठेवताना वेंडेलनं शर्टावरचा कंदील काढला आणि खिशात टाकला.

दिवस मावळायच्या आत उतार पुरा झाला. काम चोख होतं, नावं ठेवायला जागा नव्हती. कडांना कठडा होता, पाय घसरू नये म्हणून फळ्यांवर खरखरीत पट्ट्या होत्या. वेंडेलनं बापाची खुर्ची उतारावरून खाली आणली. एकही धक्का बसला नाही. ओरिननं डावा हात कठड्यावरून फिरवला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

मग सगळे अंगणात गोल उभे राहिले. उजवा हात डाव्यावरून तिरका टाकून शेजाऱ्याचा हात धरायचा, अशी काम संपवायची रीत. वेंडेलचे हात नकळत खुर्चीवरून सुटले होते. मारिटनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या शर्टावर जिथं कंदील असायचा तिथं पाहिलं, आणि तिचा मोकळा हात हवेत जरासा रेंगाळला. तेवढ्यात हिरव्या टोपीवाल्यानं तो धरला आणि गोल पुरा झाला.

वेंडेलनं पुन्हा खुर्चीची मूठ पकडली.

गोलातून मारिटनं त्या दोघांकडे तोंड केलं आणि पाठ असलेलं वाक्य म्हटलं.

"आम्हाला हातभार लावू दिलात, आम्ही आपले आभारी आहोत."

आता यावर घरच्यांनी काही तरी म्हणायचं असतं. हे वाक्य वेंडेलनं स्वतः किती अंगणांमध्ये म्हटलं होतं. समोरचे लोक त्यावर काय म्हणायचे, ते तो आठवू लागला. एकही शब्द आठवेना. वाक्य संपेपर्यंत त्याचं लक्ष हत्यारांकडे, गाडीच्या किल्लीकडे, संध्याकाळच्या बेताकडे गेलेलं असायचं. बापानं ओठ घट्ट मिटले होते. म्हणजे बोलायचं त्यालाच होतं.

"थँक यू," वेंडेल म्हणाला. "फार मोठं काम केलंत. सांभाळून जा, रस्ता निसरडा झालाय."

हिरव्या टोपीवाला तोवर वाकून हातोड्या पेटीत भरायला लागला होता, आणि बाकीची पोरं गाडीत पुढची जागा कुणी धरायची यावरून कुजबुजत व्हॅनकडे वळली होती. मारिट तेवढी त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबली. मग तीही गेली.